हेन्रिएटाला कुणी विचारलंच नाही!

मैत्रिणींनो, दवाखान्यात ॲडमिट होताना आपल्यापुढे एक कागद येतो. बारीक अक्षरांचा, बहुतेक वेळा इंग्रजीतला. सिस्टर बोट ठेवून दाखवतात आणि आपण मुकाट्याने तिथे सही करतो. सही येत नसेल तर अंगठा. त्यात काय लिहिलंय, हे आपल्यातल्या किती जणी विचारतात? पोटात दुखत असतं, घरी मुलं शेजारणीच्या भरवशावर टाकलेली असतात, आणि डॉक्टरांना उलट प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा, असंच आपल्या मनावर बिंबलेलं असतं.

पाऊणशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका बाईनेही अशीच सही केली होती. पाच मुलांची आई, वय अवघं तीस. त्यानंतर आठ महिन्यांत ती गेली. पण तिच्या शरीरातून काढलेला एक कणभर तुकडा आजही जिवंत आहे, जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो आहे. तो तुकडा ठेवून घेताना तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि साठ वर्षांनी त्याच तुकड्यातून तिच्या मुला-नातवंडांच्या रक्तातली गुपितं जगापुढे मांडली गेली, तेव्हा त्यांनाही कुणी विचारलं नाही.

त्या बाईचं नाव हेन्रिएटा लॅक्स.

तंबाखूच्या शेतातलं बालपण

हेन्रिएटाचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या रोआनोक गावचा. जन्माच्या वेळी तिचं नाव होतं लॉरेटा प्लेझंट. लॉरेटाची हेन्रिएटा कधी झाली, ते घरातही कुणाला सांगता येत नाही. ती चार वर्षांची असताना आई एलायझा दहाव्या बाळंतपणात गेली. एवढी पोरं एकट्याने सांभाळणं वडिलांना जमेना. त्यांनी सगळ्यांना क्लोव्हर या आपल्या गावी नेलं आणि नातेवाइकांत वाटून टाकलं. हेन्रिएटा आली आजोबांच्या, टॉमी लॅक्स यांच्या वाट्याला.

आजोबांचं घर म्हणजे लाकडी ओंडक्यांचं दुमजली खोपट. एकेकाळी त्यात गुलाम राहत. तो मळा ज्या गोऱ्या माणसांच्या मालकीचा होता, त्यांतले एक खुद्द हेन्रिएटाचे पणजोबा! म्हणजे गावात गोरे लॅक्सही होते आणि काळे लॅक्सही. नाव एक, रक्त एक. पण गोऱ्यांच्या घरात हे नातं मानायला कुणी तयार नसे. कोण कुणाचं, हे माहीत असूनही न बोलायचं, ही त्या गावची रीत होती. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

काम तंबाखूचं. निपाणीकडच्या मैत्रिणींना तंबाखूचं काम म्हणजे काय ते सांगायला नको. पहाटे उठून गुरांना चारा घालायचा, परसातलं बघायचं आणि मग शेतात. शाळा दोन मैलांवर, तीही फक्त काळ्या मुलांसाठी. हेन्रिएटा सहावीपर्यंत कशीबशी शिकली आणि मग शाळा सुटली.

त्याच घरात नात्यातलाच एक मुलगा वाढत होता, डेव्हिड लॅक्स. सगळे त्याला डे म्हणत. लहानपणापासून दोघं एकाच खोलीत झोपायची, एकत्र राबायची. चौदाव्या वर्षी हेन्रिएटाला पहिला मुलगा झाला, लॉरेन्स. चार वर्षांनी एल्सी. लग्न झालं ते १० एप्रिल १९४१ रोजी. आपल्याकडे मामा-आत्याच्या मुलांची लग्नं होतात, तसंच म्हणा ना.

युद्धाचा काळ होता. बाल्टिमोर शहराजवळच्या स्पॅरोज पॉइंट इथल्या पोलादाच्या कारखान्यात कामगार हवे होते. आधी डे गेला, मग मुलांना घेऊन हेन्रिएटा. टर्नर स्टेशन नावाच्या काळ्या कामगारांच्या वस्तीत त्यांनी संसार मांडला. गावाकडून नोकरीच्या शोधात येणारा प्रत्येक जण हिच्याकडे उतरायचा. कुणी जमिनीवर अंथरूण टाकून झोपायचं, आणि सगळ्यांच्या ताटात गरम जेवण असायचं. ठेंगणी, हसरी, नीटनेटकी. हातापायांच्या नखांना लाल नेलपॉलिश लावायची तिला भारी हौस.

पुढे तीन मुलं आणखी झाली. डेव्हिड, डेबोरा आणि १९५० च्या नोव्हेंबरमध्ये जोसेफ. पण घरात एक दुखरी जागा होती. एल्सीला फिट्स येत, बोलता येत नसे. मुलगी मोठी होत गेली तशी ती घरी सांभाळणं अशक्य झालं. अखेर १९५० च्या सुमारास तिला क्राउन्सव्हिलच्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. काळ्या रुग्णांसाठीचं ते रुग्णालय, माणसांनी खच्चून भरलेलं. पोटची पोर तिथे सोडून येताना त्या माउलीचं काय झालं असेल! पण अंगात बळ होतं तोवर ती लेकीला भेटायला जात राहिली.

पोटातली गाठ

पोटात काहीतरी गाठीसारखं लागतंय, असं हेन्रिएटाने आपल्या बहिणींना जोसेफच्या वेळी दिवस जाण्याआधीच सांगितलं होतं. मग दिवस राहिले आणि सगळ्यांना वाटलं, त्याचंच असेल. बाळंतपणानंतर मात्र अंगावरून अवेळी जाऊ लागलं. २९ जानेवारी १९५१ ला ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. गरीब काळ्या माणसांना दारात उभं करणारं त्या भागातलं ते मोठं रुग्णालय. अर्थात वॉर्ड वेगळे, पाण्याचे नळसुद्धा वेगळे.

डॉ. हॉवर्ड जोन्स यांनी तपासलं. पिशवीच्या तोंडाशी जांभळट, चकचकीत गाठ. तुकडा तपासायला पाठवला आणि निदान झालं, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. हेन्रिएटाने घरी काय सांगितलं? काही नाही! दवाखान्यात औषध घ्यायला जायचंय, एवढंच. आपल्यातल्या किती जणींनी असंच केलंय, आठवून बघा.

ती ॲडमिट झाली, ऑपरेशनच्या परवानगीच्या कागदावर सही केली. त्या काळी या कॅन्सरवर रेडियमच्या नळ्या आत बसवण्याचा उपचार होता. भूल दिल्यावर, रेडियम बसवण्याआधी, डॉक्टरांनी दोन कणभर तुकडे काढले. एक गाठीचा, दुसरा शेजारच्या निरोगी भागाचा. तिच्या उपचारासाठी नव्हे, संशोधनासाठी. तिला सांगितलं नाही, विचारलंही नाही. तेव्हा तसं विचारायची पद्धतच नव्हती. फुकट उपचार होताहेत, मग थोडा तुकडा संशोधनाला घेतला तर बिघडलं कुठे, असा सर्रास समज होता.

एवढंच नव्हे. या उपचाराने पुन्हा मूल होणार नाही, हेही तिला आधी कुणी बोललं नाही. ते नंतर कळलं, तेव्हा तिने स्पष्ट सांगितलं की हे आधी माहीत असतं तर मी उपचारच घेतले नसते. रुग्णालयाच्या कागदपत्रांत तशी नोंद आहे. निर्णय बरोबर की चूक, तो भाग वेगळा. पण तो तिचा होता ना?

विरजणासारख्या वाढणाऱ्या पेशी

ते तुकडे पोहोचले त्याच रुग्णालयातल्या डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. डॉ. जॉर्ज आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट कित्येक वर्षं एकाच ध्यासामागे होते. माणसाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत कायम जिवंत ठेवायच्या. पण प्रत्येक वेळी काही दिवसांत पेशी मरून जात. मदतनीस मेरी कुबिचेक हिने नळ्यांवर नेहमीप्रमाणे नाव आणि आडनाव यांची पहिली दोन-दोन अक्षरं लिहिली. हे आणि ला. हेला.

निरोगी पेशी मेल्या. गाठीतल्या पेशी मात्र चोवीस तासांत दुप्पट झाल्या. पुन्हा दुप्पट. पुन्हा दुप्पट!

आपण शेजारणीकडून चमचाभर विरजण आणतो, रात्रीतून भांडंभर दही लागतं. त्यातलं चमचाभर आपण दुसऱ्या शेजारणीला देतो. मूळ विरजण कुणाच्या घरचं, ते पुढे कुणालाच आठवत नाही. हेलाचं अगदी असंच झालं. डॉ. जॉर्ज यांनी मागेल त्या शास्त्रज्ञाला त्या पेशी दिल्या. स्वतः पैसा घेतला नाही, पेटंटही काढलं नाही. पुढे मात्र कंपन्या त्याच पेशी वाढवून विकू लागल्या.

आणि हेन्रिएटा? रेडियमनंतर क्ष-किरणांचे उपचार झाले. पोटावरची कातडी करपून काळी पडली. ऑगस्टमध्ये ती पुन्हा ॲडमिट झाली ती घरी आलीच नाही. डे मुलांना रुग्णालयासमोरच्या गवतावर खेळायला घेऊन यायचा आणि ती खिडकीतून त्यांना बघायची. ४ ऑक्टोबर १९५१ ला ती गेली. वय एकतीस. धाकटा जोसेफ तेव्हा वर्षाचाही नव्हता.

तिच्या शवचिकित्सेच्या वेळी मेरी कुबिचेकला पेशींचे नमुने घ्यायला बोलावलं होतं. चेहऱ्याकडे बघायचा धीर झाला नाही, म्हणून तिची नजर पायांकडे गेली. नखांवर लाल नेलपॉलिश होतं, टवके उडालेलं. त्या क्षणी मेरीला पहिल्यांदा जाणवलं की ज्या पेशी आपण महिनोन्महिने वाढवतोय, त्या कुणा जित्याजागत्या बाईच्या आहेत. एवढ्या मोठ्या गोष्टीतला हा लहानसा प्रसंग, पण मला सगळ्यात जास्त तोच लागला.

क्लोव्हरला, आईच्या शेजारी, हेन्रिएटाला पुरलं. थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. लेकीला, एल्सीला, मग कुणी भेटायला जाणारं उरलं नाही. १९५५ मध्ये ती मनोरुग्णालयातच गेली, पंधरा वर्षांची असताना. मागे राहिलेल्या लहानग्यांचे, ज्या बाईच्या हाती ती पडली तिने मारझोड आणि उपासमारीने हाल केले.

जगाला काय मिळालं?

हेला पेशींनी जे दिलं ते अफाट आहे. १९५० च्या दशकात पोलिओने अमेरिकेत थैमान घातलं होतं. डॉ. जोनास साल्क यांच्या लशीची चाचणी करायला अमाप पेशी लागणार होत्या. टस्कीगी या काळ्या लोकांच्या संस्थेत हेला वाढवण्याचा जणू कारखानाच उभा राहिला. आठवड्याला वीस हजारांपर्यंत नळ्या तिथून रवाना होत. काम करणाऱ्यांतही काळ्या बायका होत्या. किरणोत्साराचा, विषाणूंचा, औषधांचा पेशींवर काय परिणाम होतो, हे या पेशींवर तपासलं गेलं. त्या अंतराळातही जाऊन आल्या. त्यांचा आधार घेतलेले शोधनिबंध लाखाच्या वर आहेत.

आणि बायकांच्या दृष्टीने सर्वात मोठी गोष्ट. हेन्रिएटाचा कॅन्सर झाला कशाने? १९८० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी दाखवून दिलं की पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्यातला अठरा क्रमांकाचा प्रकार हेला पेशींतही सापडला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. याच ज्ञानातून लस आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली भारतीय लस, सर्व्हाव्हॅक, जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. म्हणजे व्हर्जिनियाच्या तंबाखूच्या शेतातून निघालेला धागा आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो, बघा!

घरच्यांना पत्ताच नाही

जगात हेलाचा गाजावाजा चालला होता, पण वर्तमानपत्रांत नाव छापून येई हेलन लेन, नाहीतर हेलन लार्सन. खरं नाव वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं ते १९७१ मध्ये.

घरच्यांना कळलं ते १९७३ साली, तेही योगायोगाने. थोरली सून एका मैत्रिणीकडे जेवायला गेली होती. तिथे आलेला एक पाहुणा कॅन्सर संशोधन संस्थेत काम करणारा. आडनाव ऐकून तो म्हणाला की आम्ही ज्या पेशींवर काम करतो त्या एका लॅक्स नावाच्या बाईच्या आहेत, बाल्टिमोरला वारलेल्या. सून धावतच घरी आली. सासूबाईंचं काहीतरी अजून जिवंत आहे म्हणे! वीस-बावीस वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसाबद्दल असं ऐकल्यावर घरच्यांचं काय झालं असेल?

त्याच सुमाराला रुग्णालयाकडून फोन आला. मुलांचं रक्त हवं होतं. झालं असं होतं की, हेला पेशी इतक्या जोमदार की त्या प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या पेशींत घुसून त्यांना गिळून टाकत. कुठल्या पेशी हेला आणि कुठल्या नाहीत, हे ओळखायचं तर हेन्रिएटाच्या मुलांच्या आनुवंशिक खुणा तपासणं हा मार्ग होता. पण घरच्यांना हे नीट सांगितलंच गेलं नाही. त्यांना वाटलं, आईला होता तो कॅन्सर आपल्याला आहे का, ते बघताहेत. डेबोरा बिचारी निकालाची वाट बघत राहिली. आई एकतिसाव्या वर्षी गेली, मीही तिशी ओलांडणार नाही, ही धास्ती तिच्या मनात घर करून बसली. निकाल कधी आलाच नाही, कारण तशी तपासणी मुळी झालीच नव्हती. उलट १९७६ मध्ये त्या रक्तातून निघालेल्या आनुवंशिक खुणा एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आल्या. परवानगी न घेताच!

आई परत मिळावी तशी डेबोरा त्या पेशींचा माग काढत राहिली. अंतराळात पाठवली तेव्हा आईला त्रास झाला असेल का, विषाणू टोचले तेव्हा दुखलं असेल का, असले प्रश्न तिला छळत. कुणी बसून चार शब्दांत समजावून सांगितलं असतं तर? लेखिका रिबेका स्क्लूट यांनी दहा वर्षं खपून हेन्रिएटाचं चरित्र लिहिलं, त्यात डेबोराची साथ मोठी. पुस्तक आलं २०१० मध्ये. डेबोरा त्याच्या आदल्या वर्षी गेली. आईच्या नावाचं पुस्तक तिला हातात घेता आलं नाही.

आईचं ते मुलांचं

आता आपण खऱ्या मुद्द्याकडे येऊ. मार्च २०१३ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथल्या शास्त्रज्ञांनी हेला पेशींचा संपूर्ण जनुकीय नकाशा उलगडला आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला. त्यांनी कायदा मोडला नव्हता. पण हेन्रिएटाची मुलं, नातवंडं, पतवंडं हयात होती. त्यांना विचारावं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

नातवंडांचा यात काय संबंध, असं वाटेल. संबंध असा, की डीएनए एकट्याचा नसतोच. आपल्यातला निम्मा आईकडून आलेला, निम्मा वडिलांकडून. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा सारखा. नातवंडांत आजीचा साधारण चौथा हिस्सा. म्हणून आजीचा डीएनए वाचणारा नातीबद्दलही काही ना काही वाचत असतो. कुठल्या आजाराकडे कल आहे, पूर्वज कुठून आले, कोण कुणाचं रक्ताचं आहे, हे सगळं त्यात. हेला पेशी कॅन्सरने बदललेल्या असल्या तरी मूळ वारसा त्यात बराचसा वाचता येतो. आणि एकदा जगाने वाचलं की ते पुसता येत नाही. बँकेचा नंबर बदलता येतो, मोबाइल बदलता येतो. रक्त कसं बदलणार?

घरच्यांनी आवाज उठवला. शास्त्रज्ञांनी माहिती काढून घेतली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे प्रमुख डॉ. फ्रान्सिस कॉलिन्स स्वतः लॅक्स कुटुंबाला भेटले, एकदा नव्हे, अनेकदा. घरच्यांपुढे पर्याय ठेवले. ऑगस्ट २०१३ मध्ये करार झाला. हा नकाशा ज्याला वापरायचा त्याने अर्ज करायचा, अर्ज सहा जणांची समिती बघणार आणि त्यातले दोन जण लॅक्स कुटुंबातले. पैसे मिळाले नाहीत. पण बासष्ट वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी दार वाजवून विचारलं, आत येऊ का? कुटुंबाने संशोधन बंद पाडलं नाही, हेही बघा. नाही म्हणण्याचा हक्क मिळाल्यावर त्यांनी हो म्हटलं.

पुढे २०२१ मध्ये त्यांनी थर्मो फिशर सायंटिफिक या कंपनीवर दावा लावला. न विचारता घेतलेल्या पेशींवर नफा कमावला, असा आरोप होता. २०२३ च्या ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी, हेन्रिएटाच्या जन्मदिनी, तडजोड जाहीर झाली. अटी गुप्त आहेत.

त्र्यंबकेश्वरची वही आणि थुंकीची नळी

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडे अमेरिकेत. आपल्याला काय त्याचं?

आपले पूर्वज कोण, हे जाणून घ्यायची ओढ आपल्यालाही आहेच की. त्र्यंबकेश्वरला गेलं की उपाध्यायांकडे घराण्याची नामावळ मिळते. पणजोबा कधी आले होते, सोबत कोण होतं, सगळं वहीत. त्याखाली आपणही आपलं नाव लिहून येतो. पण त्या वहीत आपण सांगू तेवढंच लिहिलं जातं. न सांगण्यासारखं घरातच राहतं.

आता पूर्वज शोधायची नवी पद्धत आली आहे. नळीत थुंकायचं, ती कंपनीला पाठवायची. ती सांगते की तुमचे पूर्वज कुठल्या भागातले, आणि जगात तुमचे रक्ताचे नातेवाईक कोण कोण. अमेरिकेत गुलामांच्या वंशजांना याचं मोल फार मोठं. ज्यांच्या पूर्वजांची नावंच नोंदली गेली नाहीत, ज्यांच्या गोऱ्या आजोबा-पणजोबांनी नातं नाकारलं, त्यांना त्यातून हरवलेली माणसं सापडतात. क्लोव्हरच्या काळ्या-गोऱ्या लॅक्सांची गोष्ट आठवली ना? जे तोंडाने कुणी कबूल करत नव्हतं, ते थुंकीचा एक थेंब सांगून टाकतो.

पण तो थेंब न विचारलेलंही सांगतो. या वहीत नाव एकाने लिहायचं आणि उघड होतात ते सगळे भाऊबंद. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात चाळीस वर्षांपूर्वीच्या खुनांचा आरोपी सापडला, तो असाच. त्याने स्वतः कुठेही नमुना दिला नव्हता. त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी हौसेने आपला डीएनए वंशावळीच्या एका संकेतस्थळावर टाकला होता, त्यावरून पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. गुन्हेगार पकडला गेला, चांगलंच झालं. पण लांबच्या चुलतभावाच्या हौसेतून आपला पत्ता लागू शकतो, हेही त्यातून कळलं.

२०२३ मध्ये ट्वेंटी-थ्री अँड मी या कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि दीड कोटींच्या आसपास ग्राहकांचा प्रश्न उभा राहिला की आता आमची थुंकी कुणाच्या मालकीची? अखेर कंपनीच्या संस्थापिकेच्याच संस्थेने ती विकत घेतली. पण मधल्या काळात किती जणांच्या जिवाला घोर लागला असेल!

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठी नमुना घ्यायचा तर माणसाला समजेल अशा भाषेत सांगून संमती घ्यावी लागते. समजेल अशा भाषेत! म्हणजे आपल्या मराठीतसुद्धा. हा आपला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

आणि संशोधनात आपल्याकडच्या बायका नाहीत असं थोडंच आहे? उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एक लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा एक अभ्यास बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. आयुष्यात एकदा एचपीव्ही तपासणी केली तरी पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होतात, हे जगाला आपल्या खेड्यातल्या बायकांमुळे कळलं. त्यातल्या एका गटाला तपासणी न देता नेहमीच्या व्यवस्थेवरच ठेवलं होतं, त्यावरून पुढे प्रश्नही विचारले गेले. ते विचारले जायलाच हवेत. देणाऱ्या बाईला कळलं पाहिजे की ती काय देते आहे.

जाता जाता...

हेन्रिएटाच्या थडग्यावर २०१० मध्ये दगड बसला. अटलांटाच्या एका डॉक्टरांनी तो दिला, त्याचा आकार उघड्या पुस्तकासारखा आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचा मरणोत्तर सन्मान केला, तो घ्यायला गेला ८७ वर्षांचा लॉरेन्स, तिचा थोरला. तिच्या मृत्यूच्या दिवशी, ४ ऑक्टोबर २०२३ ला, तिच्या जन्मगावी तिचा पुतळा उभा राहिला. ज्या चौकाला आधी गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचं नाव होतं, तिथेच आता कोट घालून, शांत चेहऱ्याने हेन्रिएटा उभी आहे.

तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती का? कोण जाणे. गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला ताट वाढणारी बाई ती. कदाचित हसून हो म्हणाली असती. पण ते तिच्या तोंडून यायला हवं होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. पिशवीच्या तोंडाची तपासणी टाळू नका, अंगावरून अवेळी जात असेल तर घरात लपवू नका आणि लेकींच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. दुसरं, दवाखान्यातल्या कागदावर सही करण्याआधी एवढंच म्हणा, जरा मराठीत सांगता का? माझं रक्त, माझा तुकडा तपासून झाल्यावर कुठे जाणार? आणि तिसरं, उद्या घरातल्या कुणी हौसेने ती थुंकीची नळी मागवली, तर आधी सगळ्या भावंडांना एकत्र बसवा, चहा ठेवा आणि विचारा. कारण ती नळी एकाची नसते, अख्ख्या घराची असते.

विचारायला काही पैसे पडत नाहीत. हेन्रिएटाच्या वेळी ते राहून गेलं, आपल्या वेळी राहू नये.